अंगानं पुरा

ऑपरेशन सोमवारी सकाळी होतं आणि रविवारी दुपारी बजाआक्का सांगोल्याहून सोलापूरच्या भवानी पेठेत येऊन थडकल्या. काखेत बाजरीच्या भाकरींचं गाठोडं, मागं युवराज आणि चेहऱ्यावर भांडणाची पुरी तयारी. रुपालीनं त्यांच्या पायावर पाणी घातलं, वाकून नमस्कार केला आणि मनाशी म्हटलं, आजचा दिवस काही सरळ जात नाही.

आक्का म्हणजे तिच्या सासऱ्यांची, तात्याबांची, थोरली बहीण. वय ऐंशीच्या घरात. नवरा गेल्यापासून वीस वर्षं माहेरीच. घरातलं लग्न, वाटणी, देवकार्य काहीही असो, सगळ्यांचं आपापलं बोलून झालं की माना आक्कांकडे वळायच्या. युवराज रुपालीचा धाकटा दीर, गावाकडं मेंढरं आणि डाळिंबाची बाग बघणारा. तिचा नवरा शहाजी थोरला, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तर. चाळीस शर्टांची थप्पी एका फटक्यात कापणारा हा माणूस घरात मात्र एक वाक्य सरळ बोलत नसे.

"तात्या कुटं हाय?" आक्कांनी टेकायच्या आधीच विचारलं.

"मामा चहाला गेलेत चौकात. येतील इतक्यात."

"बरं हाय. त्यो यायच्या आत बोलून घिऊ."

तात्याबा दोन महिने इथंच होते. त्यांना दवाखान्यात नेलं ते रुपालीनं, आणि नेलं ते फसवून. 'मामा, माझ्या पोटात दुखतंय, ह्यांना रजा नाही, सोबतीला चला' असं म्हणून ती त्यांना रिक्षात घालून घेऊन गेली आणि तिथं केसपेपर काढला तो त्यांच्याच नावाचा. नाव पुकारल्यावर म्हातारा चमकला. पण भोवती पन्नास माणसं, सुनेवर ओरडणार कसं? गुमान आत गेले. मग रक्ताची तपासणी, मग गाठीचा तुकडा काढून तपासणी, मग सगळ्या हाडांचा फोटो. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. तिला संशय कशावरून आला, हे तिनं नवऱ्याखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

गोजाबाई, तिच्या सासूबाई, भिंतीला टेकून लसूण सोलत होत्या. त्यांनी नणंदेकडे एकदा बघितलं आणि परत लसणात मान घातली.

"आता सांग," आक्का शहाजीला म्हणाल्या. "फोनवर युवराजला काय सांगितलंस, ते माज्या तोंडावर सांग."

दवाखान्यातल्या डॉक्टर संगमेशनी शहाजीला हे सगळं नीट समजावलं होतं, चित्र काढून. दवाखान्यात ते लख्ख कळलं होतं. पण आत्याच्या आणि आईच्या समोर ती चित्रातली नावं घ्यायची म्हणजे जीभ टाळूला चिकटत होती.

"पुरुषाला मूत्राच्या पिशवीखाली एक गाठ असती. अक्रोडाएवढी. जन्मापासनं असती, सगळ्यांनाच. आबांची ती बिघडली. तितनं आजार हाडात उतरलाय. पाठ दुखायची ना, ती त्याच्यापायी. आमी समजलो मेंढरं उचलून दुखती."

"मंग ती गाठ काढा की."

"हाडात गेल्यावर ती काढून भागत न्हाय, आक्का."

"आन म्हणून खालचं काढायचं?" युवराज एकदम बोलला. दारात उभा होता, आत यायला तयार नव्हता. "दुखणं वरच्या गाठीत आन कापायचं खालचं? ह्यो कुटला न्याय? दादा, सरळ सांग की, बापाला खच्ची करायचं ठरीवलंय तुमी."

लसणाची साल गोजाबाईंच्या बोटातच राहिली. हाच शब्द शहाजीच्या डोक्यात महिनाभर फिरत होता. तो झोपेतसुद्धा टाळत होता आणि धाकट्यानं तो उंबऱ्यावर आणून टाकला.

"दुसरा इलाज हाय," तो म्हणाला. "सुई. दर तीन महिन्यांनी, जन्मभर. तिनंबी तेच काम हुतं. पण चुकवायची न्हाय. महिनाभर जरी लांबली तरी आजार उठतो परत. आन आबा दिवाळी झाली की मेंढरं घिऊन कृष्णाकाठाला जाणार. आज ह्या रानात, उद्या त्या. त्यांना हुडकायला मला आठ दिवस लागतात, सुई कोण देणार?"

"न्हाय जाणार यंदा."

"तू सांगतोस त्यांना? सांग. मी बघतो."

युवराजनं मान दुसरीकडे वळवली. तात्याबांना मेंढरांमागं जाऊ नका म्हणणं हे त्यांना जेवू नका म्हणण्यासारखं होतं, आणि ते दोघंही जाणून होते.

"आन त्याला काय सांगितलंय?" आक्कांनी विचारलं.

शहाजीनं खाली बघितलं. "लघवीची वाट मोकळी करायची, एवढंच."

"म्हंजी त्याला म्हाईतच न्हाय."

"मी म्हटलं होतं खरं सांगा म्हणून," रुपाली हळूच म्हणाली.

"तू नगं बोलू," आक्का म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण रुपाली चूल बघायला आत वळली. आक्कांनी पदर खोचला. "शहाज्या, इलाजाचं मला कळत न्हाय. काठीचं कळतंय. दसऱ्याला बिरदेवाची काठी आपल्या घरातनं निघती. काठी धरणारा अंगानं पुरा लागतो. बिभीषणचं काय झालं, इसरलास?"

कुणीच विसरलं नव्हतं. बिभीषण हा तात्याबांचा चुलत भाऊ. त्याचं एक बोट कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलं आणि त्याच दसऱ्याला भावकीनं त्याच्या हातातली काठी काढून घेतली. ती घेतली तात्याबांनी. तेव्हापासून एकतीस दसरे त्यांनी ती वीस हात उंच काठी माळावरच्या देवाच्या थानापर्यंत एकट्यानं पेलत नेली होती.

"एका बोटापायी काठी गेली," आक्का म्हणाल्या. "आन ह्यात तर..."

पुढचं त्यांनी बोलायचं टाळलं, कारण जिन्यात खोकला ऐकू आला.

तात्याबा जिना चढताना मधल्या पायरीवर थांबले होते. दम लागला म्हणून थांबले ते काठीचं नाव ऐकून थांबूनच राहिले. बाकीच्या बोलण्यात त्यांना नवं काही नव्हतं. वर आले, पटका काढून खुंटीला अडकवला, बहिणीच्या शेजारी बसले आणि धाकट्याला म्हणाले, "दारात का उभा? मी काय चावतोय? बस."

युवराज बसला.

"शहाजी, तुज्या शर्टाच्या खिशात डॉक्टरनं काडलेलं चित्तर हुतं. शर्ट खुंटीला हुता. मी बघितलं."

शहाजीचा हात आपोआप खिशाकडे गेला.

"चाळीस वर्सं झाली," तात्याबा म्हणाले, "पंचक्रोशीतल्या मेंढ्यास्नी, बोकडास्नी खच्ची करायचा चिमटा लावतोय मी. रातच्याला डोळं झाकून बी सांगीन कुटली शीर कुटं जाती. आन मला चित्तर कळायचं न्हाय व्हय? काल सकाळी चहाला म्हणून निघालो ते सरळ दवाखान्यात गेलो. डॉक्टरला म्हटलं, लेकरं माजी लाजत्यात, तू सांग."

"आन सांगितलं त्यांनी?" युवराजनं विचारलं.

"का न्हाय सांगणार? लई भला माणूस. म्हणला, आजोबा, तुमच्या आजाराला जगायला एक रस लागतो आणि तो रस ह्या खालच्या दोन गोळ्यांत तयार होतो. मी म्हटलं, म्हंजी त्याचा चारा तोडायचा. हसला. म्हणला, अगदी बरोबर, मला पंधरा वर्षांत कुणाला एवढ्या थोडक्यात सांगता आलं नाही." तात्याबांना त्या कौतुकाचा अजून आनंद होता आणि तो लपत नव्हता. "कातडी तशीच ठेवत्यात. आतलं तेवढं काढायचं. संध्याकाळी घरी. आजार जाणार न्हाय, पण निजल. कुणाला दोन वर्सं मिळत्यात, कुणाला धा. मदीच आंग तापल, घाम फुटल, हाडं ठिसूळ हुतील, म्हणून चालायचं, दूध प्यायचं. मी म्हटलं, चालायचं मला नगं शिकवू."

"आबा," शहाजी म्हणाला, "मला वाटलं तुमाला वाईट वाटंल."

"वाटलं की. न्हाय कसं? कालचा दिस घशाखाली घास उतरला न्हाय. तुज्या आयला सांगितलं, मंग उतरला."

सगळ्यांनी गोजाबाईंकडे बघितलं. त्या सोललेला लसूण एका वाटीतून दुसऱ्या वाटीत करत होत्या.

"आत्याबाई, तुम्हाला माहीत होतं?" रुपालीनं स्वयंपाकघराच्या दारात येऊन सासूला विचारलं.

"पन्नास वर्सांची संगत हाय," गोजाबाई म्हणाल्या. "मला न्हाय सांगणार तर कुणाला? मी म्हटलं, कळपाच्या म्होरं जो मेंढा चालतो त्यो कसला असतो? खच्चीच असतो की. बाकीचं नर मेंढ्यांच्या मागं हुंदडत्यात, त्योच तेवढा वाट बघून चालतो. चाला तुमी म्होरं. मला काय बी कमी पडत न्हाय."

तात्याबांच्या मिशीत हसू हललं. युवराजसुद्धा हसला असता, पण आत्याचा चेहरा बघून त्यानं हसू गिळलं.

"मेंढराचं येगळं," आक्का म्हणाल्या. "देवाचं येगळं."

तात्याबांचं हसू मावळलं. त्यांनी आपल्या तळहातांकडे बघितलं. काठीचं कालपासून त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं, हे खरं. डॉक्टरला त्यांनी सगळं विचारलं होतं, चालता येईल का, मेंढरू उचलता येईल का, तंबाखू चालेल का. काठी मात्र विसरले. आणि बिभीषणच्या हातातली काठी काढताना त्याची नजर कशी झाली होती ते त्यांना आता, या क्षणी, साफ दिसत होतं.

"आक्का म्हणती ते खरं हाय," ते म्हणाले. "त्याच्या एका बोटापायी मी काठी घेतली. आता माजं जाणार आन मी काठी धरून ठिवणार, ह्ये बरूबर न्हाय. बिभीषण वरनं बघत आसल. काठी सोडायची तर मी ऑपरेशन करत न्हाय. हाय तसं राहू द्या. दसरा महिन्यावर आला, तेवढा एक तर निघंल."

"आणि त्याच्या पुढचा?" रुपालीनं विचारलं.

"पुढचं देव बघल."

"डॉक्टर म्हणालेत, औषध नाही तर पुढच्या दसऱ्याला पाय चालणार नाहीत. मणक्यात आहे ते."

"तुला नगं बोलू म्हटलं ना," आक्का म्हणाल्या.

"बोलणार मी," रुपाली म्हणाली. तिनं हात पदराला पुसले. "आणलंय मी त्यांना. माझ्यावर विश्वास ठेवून आलेत ते. आता अर्ध्यातनं परत नाही जाऊ देणार."

खालच्या कारखान्यातली शिलाई मशिनं रविवारीसुद्धा चालू होती. आक्कांनी या सुनेकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. राग यायला हवा होता. पण त्यांना दुसरंच काही विचारायचं होतं आणि ते एसटीत बसल्यापासून विचारायचं होतं.

"पोरी, तुला कसं कळलं? त्यो तर घरात कुणाला बोलला न्हाय. पाठ दुखती एवढंच म्हणायचा."

रुपालीनं नवऱ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "दोन महिन्यांपूर्वी एका लग्नाला आले ना इथं, आठ दिवसांसाठी. कपडे मीच धुवायची. मामांचं धोतर दिवसातनं तीनदा बदललेलं असायचं. ओलं. एकदा त्याला लालसर डाग होता. ह्यांना म्हटलं तर म्हणाले, म्हातारपण आहे. मला काही ते म्हातारपण वाटलं नाही."

आक्कांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मग त्या बोलायला लागल्या तेव्हा त्यांचा आवाज इतका खाली होता की युवराजला पुढं सरकावं लागलं.

"आमचं मालक कशानं गेलं, म्हाईत हाय कुणाला?"

"मुतखड्यानं," तात्याबा म्हणाले.

"आसं आपण म्हणायचो. दोन वर्सं त्यांची धोतरं मी आशीच धुतली. पहाटंचं, कुणी उठायच्या आत, विहिरीवर. डाग बी पडायचं. मला सगळं दिसत हुतं. त्यांना इचारायची लाज, दिराला सांगायची लाज, तुला सांगायची लाज. शेवटी बाजंवरनं उठता येईना. पायच गेलं. तवा बी मी म्हटलं न्हाय कुणाला, की मला म्हाईत हुतं." त्या थांबल्या. "वीस वर्सांत आज बोलले."

तात्याबांनी बहिणीचा हात हातात घेतला. असं त्यांनी शेवटचं कधी केलं होतं, ते दोघांनाही आठवलं नसतं.

"आक्का, तवा कुणाला काय ठावं हुतं?"

"मला हुतं की. ह्या पोरीला बी हुतं. तिनं लाज सोडली, मी धरून बसले. मी आता काठीची गोष्ट काढायची म्हंजी दुसऱ्यांदा तेच." त्यांनी नाक पुसलं आणि आवाज मूळ जागी आणला. "ऐक तात्या. बोट गेल्यावर बिभीषणनं बारा वर्सं मेंढरं राखली. एक कोकरू त्याचं लांडग्यानं नेलं न्हाय. देवानं न्हवता सोडला त्याला, आपणच सोडला. चूक झाली ती. मी बसले हुते तितं, बोलले न्हाय. तू बी बोलला न्हाईस."

"न्हाय बोललो," तात्याबा म्हणाले. "मला काठी पायजे हुती."

"मंग आता चूक दुसऱ्यांदा करायची न्हाय. काठी पेलायला खांदा लागतो आन पाय लागत्यात. ते तुजं राहिलं पायजेत. दसऱ्याला थानावर आदी बिभीषणच्या पोराला काठीला हात लावाय द्यायचा, मंग तू धरायची. भावकीला मी सांगते. कोण बोलतो बघू."

"लोक हसत्याल, आक्का," युवराज म्हणाला. तो भांडत नव्हता आता, नुसतं सांगत होता.

"हसू दे की. माज्या नवऱ्याला कुणी हसलं न्हाय, काय मिळालं मला?"

आक्का उठल्या. रुपालीच्या पुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात तिच्या गालांवरून फिरवून आपल्या कानशिलावर कडकडा बोटं मोडली. "मी बोलू नगं म्हटलं म्हणून गप बसत जाऊ नगंस," त्या म्हणाल्या. रुपालीला रडू आलं, आणि ते लपवायला तिला आत जायची गरज वाटली नाही. शहाजी उठून तिच्या शेजारी उभा राहिला. 'मी ऐकायला पाहिजे होतं तुझं' एवढं पाच शब्दांचं वाक्य तो लग्नानंतर चौदा वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांसमोर, सरळ बोलला.

सोमवारी सकाळी कागदावर सही घ्यायला परिचारिका आली, तेव्हा तात्याबांनी आधी तो कागद शहाजीकडून वाचून घेतला. सगळा, एकही शब्द न गाळता. दोन्ही वृषण काढण्यास माझी संमती आहे, या ओळीवर शहाजी अडखळला, तर म्हणाले, "वाच की मोठ्यानं." मग अंगठा उठवला. नातेवाईक म्हणून सही कुणाची, असं तिनं विचारलं. शहाजीनं पेन उघडलं होतं. "त्याची नगं," तात्याबा म्हणाले. "सुनेची घ्या. मला हितं तिनं आणलंय." रुपालीनं सही केली. त्यांनी तिच्याकडे बघून, खाटेवर बसल्या बसल्या, दोन्ही हात जोडले. "मामा, असं नका करू," ती म्हणाली. "करू दे," ते म्हणाले. "लई दिस राहिलं हुतं."

मग त्यांनी युवराजला जवळ बोलावलं.

"तू दुपारच्या गाडीनं गावाला जा. मेंढरं एकटी हायत. आन कुणी इचारलं, बापाला काय झालंय, तर खरं सांग. काय झालं, काय काढलं, सगळं."

"आबा, चौकात सांगू?"

"चौकातच सांग. मला कमीपणा न्हाय. तुला वाटत आसल तर बघ."

युवराजला वाटत होता. एसटीत वाटला, सांगोल्यात उतरल्यावर वाटला. तिथंच शहाजीचा फोन आला, झालं सगळं नीट, आबा शुद्धीवर आहेत, चहा मागतायत. तेव्हा त्याला एवढं हलकं वाटलं की स्टँडवर अनोळखी माणसाला सांगत सुटावं. पण स्टँडवर ठेवलेली मोटारसायकल काढून गावातल्या हॉटेलपुढं लावली आणि तो कमीपणा परत वर आला. आत आठ-दहा जण होते. कुणीतरी विचारलंच.

"आबाला कशाचा आजार म्हणं?"

युवराज पाणी प्याला. "प्रोस्टेटचा कॅन्सर," तो म्हणाला. "आज ऑपरेशन झालं. दोन्ही अंडं काढली. आजाराचा चारा तोडला. आता बरं हायत. आमच्या वैनीनं वळखलं, तिनंच नेलं. लघवीला तरास हुता, रक्त जायचं, आबा सांगत न्हवतं."

कोपऱ्यातला एक पोरगा फिसकन हसला. बाकी कुणी हसलं नाही. चहावाल्यानं युवराजपुढं न मागता कप ठेवला. मग कुणीतरी डाळिंबावरच्या रोगाचं बोलणं काढलं.

युवराज बाहेर येऊन गाडीला किक मारणार, तेवढ्यात मागून कुणीतरी त्याच्या बाहीला धरलं. कोंडीबा होता. तात्याबांच्याच वयाचा, माळावर एकटा राहणारा, बायको कधीच गेलेली. आत तो बोलला नव्हता. त्यानं आधी मागं वळून बघितलं.

"त्यो दवाखाना कुटं म्हणलास?"

युवराजनं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि काहीच विचारलं नाही.

"सोलापुरात," तो म्हणाला.

"लांब हाय." कोंडीबानं बाही सोडली नव्हती. "पोरगं पुण्याला आसतं. घरात सून न्हाय, कोण न्हाय. नेणार कोण?"

"मी हाय की," युवराज म्हणाला.